एका मताच्या तृतीयांशाने पडलेले विधेयक

शनिवार, ५ सप्टेंबर १९७०. राज्यसभेत मतदान झाले. विधेयकाच्या बाजूने १४९ मते पडली, विरुद्ध ७५. म्हणजे विरोधकांच्या दुपटीला अवघे एक मत कमी. आणि तरीही सरकारचे विधेयक पडले.

हिशेब पाहा. मतदान करणारे सदस्य २२४. घटनादुरुस्तीसाठी उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश सदस्यांचा पाठिंबा लागतो. २२४चे दोन-तृतीयांश होतात १४९ आणि वर एक-तृतीयांश. मताचे तुकडे पडत नाहीत, म्हणून १५० हवी होती. त्याहून गमतीची गोष्ट अशी की विरोधातला एखादा सदस्य त्या वेळी सभागृहाबाहेर चहा पीत बसला असता, तरी विधेयक संमत झाले असते. मतदार २२३ झाले असते आणि मग १४९ मते पुरेशी ठरली असती.

राज्यसभेला आपल्याकडे अनेकदा ‘पराभूतांचे आश्रयस्थान’ म्हणून हिणवले जाते. वरिष्ठ सभागृह सरकारी विधेयकांना खरोखर अडवू शकते का, आणि अडवते तेव्हा पुढे काय घडते, हे पाहायचे असेल तर या एका मतदानाइतका बोलका प्रसंग आपल्या संसदीय इतिहासात दुसरा नाही. या धाग्यात तो जरा सविस्तर पाहू.

विधेयक होते संस्थानिकांचे तनखे बंद करण्याचे.

तनखे म्हणजे काय, हे आज अनेकांना ठाऊक नसते. १९४७ साली देशात साडेपाचशेहून अधिक संस्थाने होती. ती भारतात विलीन करताना राजांनी राज्य, महसूल आणि सैन्य सोडले. मोबदल्यात त्यांना दरसाल ठरावीक रक्कम आणि काही मानमरातब देण्याचे करार झाले. दक्षिण महाराष्ट्रातली सांगली, मिरज, औंध ही संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी. हे करार पुढे संविधानात आले. अनुच्छेद २९१ने तनख्यांची रक्कम भारताच्या संचित निधीवर टाकली आणि ती करमुक्त केली. अनुच्छेद ३६२ने राजांचे वैयक्तिक हक्क व मान राखण्याचे सांगितले. ‘राजा’ कोण, हे राष्ट्रपतींच्या मान्यतेने ठरेल, असे अनुच्छेद ३६६(२२)मध्ये नोंदले गेले. हे शेवटचे कलम लक्षात ठेवा. पुढे सगळा खेळ त्याच्यावरच झाला.

रकमांमधली तफावत थक्क करणारी होती. म्हैसूरच्या महाराजांना वर्षाला २६ लाख, तर सौराष्ट्रातल्या कटोदिया नावाच्या चिमुकल्या संस्थानाच्या अधिपतीला १९२ रुपये. १९७० साली तनखाधारक पावणेतीनशेच्या आसपास होते आणि एकूण खर्च वर्षाला पावणेपाच कोटींच्या घरात. देशाच्या अर्थसंकल्पात ही रक्कम किरकोळ होती. तेव्हा वाद पैशाचा नव्हताच. समतेची प्रतिज्ञा करणाऱ्या प्रजासत्ताकात जन्माने मिळणारा मान टिकावा का, हा एक प्रश्न होता. आणि राज्यसंस्थेने एकदा दिलेला शब्द मोडता येतो का, हा दुसरा. दोन्ही प्रश्न खरे होते, म्हणूनच या प्रकरणात सगळे सज्जन एका बाजूला आणि सगळे दुर्जन दुसऱ्या बाजूला असे चित्र रंगवता येत नाही.

शब्द दिला होता तो सरदार पटेलांनी. १२ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधानसभेत या तरतुदीचे समर्थन करताना त्यांची मांडणी अशी होती की, राजांनी जे सोडले त्याच्या तुलनेत ही किंमत फार थोडी आहे, आणि आपला वाटा पार न पाडणे हा विश्वासघात ठरेल. पटेल १५ डिसेंबर १९५० रोजी वारले. तारीख ध्यानात असू द्या.

पुढे १९६७. निवडणुकीत काँग्रेसला जबर फटका बसला होता आणि पक्षात ‘काहीतरी समाजवादी करून दाखवा’ असा दबाव वाढत होता. त्या वर्षीच्या जूनमध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीत संस्थानिकांच्या विशेषाधिकारांच्या ठरावाला ‘तनखेही रद्द करा’ अशी उपसूचना आली. ती मांडणारे होते महाराष्ट्राचे मोहन धारिया, जे स्वतः राज्यसभेचे सदस्य होते. बैठक लांबली होती, बहुतेक मंडळी उठून गेली होती; उरल्यासुरल्या मूठभर सदस्यांच्या मतांनी उपसूचना संमत झाली. देशाच्या घटनात्मक इतिहासाला वळण देणारी वाट अशा पेंगुळलेल्या सभेतून फुटावी, हे इतिहासाला शोभणारेच आहे!

पक्षाचा ठराव सरकारच्या गळ्यात पडला आणि तो निस्तरण्याची जबाबदारी आली तेव्हाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्यावर. देवराष्ट्रे गावच्या शेतकरी घरातून आलेला हा माणूस राजेरजवाड्यांशी वाटाघाटींना बसला. समोर होती संस्थानिकांची संघटना. तिचे नेतृत्व ध्रांगध्राचे महाराज मयूरध्वजसिंहजी करीत होते. बोलणी वर्षानुवर्षे चालली आणि तडजोड झाली नाही. दरम्यान १९६९च्या नोव्हेंबरात काँग्रेस दुभंगली. इंदिरा गांधींचे सरकार अल्पमतात आले आणि कम्युनिस्ट, द्रमुक अशा पक्षांच्या आधारावर चालू लागले. मे १९७०मध्ये चव्हाणांनी लोकसभेत विधेयक मांडले: संविधान (चोविसावी दुरुस्ती) विधेयक, १९७०. अनुच्छेद २९१, ३६२ आणि ३६६(२२) ही तिन्ही कलमे काढून टाकणारे, अत्यंत आटोपशीर विधेयक. जूनच्या अखेरीस खातेपालट होऊन चव्हाण अर्थखात्यात गेले आणि गृहखाते खुद्द पंतप्रधानांनी आपल्याकडे घेतले.

२ सप्टेंबरला लोकसभेत मतदान झाले. बाजूने ३३२, विरुद्ध १५४. इथेही दोन-तृतीयांशाची रेषा ३२४वर होती. म्हणजे आठ मतांनी निभावले. तीन दिवसांनी विधेयक राज्यसभेत गेले आणि तिथे घोडे पेंडीला अडले.

आता जरा थांबून एक मूलभूत गोष्ट समजून घेऊ, कारण पुष्कळांचा इथेच गोंधळ होतो. राज्यसभेची ताकद प्रत्येक विधेयकापुढे सारखी नसते.

साधे विधेयक असेल तर राज्यसभा त्यात दुरुस्त्या सुचवू शकते, ते निवड समितीकडे धाडू शकते, फेटाळूही शकते. पण मतभेद मिटलाच नाही, तर राष्ट्रपती अनुच्छेद १०८खाली दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावू शकतात आणि तिथे लोकसभेच्या संख्याबळापुढे राज्यसभा सहसा टिकत नाही. अशा बैठकीतून आजवर तीनच विधेयके संमत झाली आहेत: १९६१चे हुंडाबंदी विधेयक, १९७८चे बँकिंग सेवा आयोग रद्द करणारे विधेयक आणि २००२चे दहशतवादविरोधी ‘पोटा’. धनविधेयक असेल तर राज्यसभेच्या हातात फक्त चौदा दिवस आणि शिफारशी. त्या स्वीकारायच्या की नाही, हे लोकसभा ठरवते. मात्र घटनादुरुस्ती असेल तर चित्र पालटते. अनुच्छेद ३६८नुसार दोन्ही सभागृहांनी ती स्वतंत्रपणे, विशेष बहुमताने संमत करावी लागते आणि तिथे संयुक्त बैठकीची पळवाट नाही. इथे राज्यसभा लोकसभेच्या खांद्याला खांदा लावून उभी असते. तिने ‘नाही’ म्हटले की विषय संपला.

त्यात राज्यसभेची घडणच अशी आहे की ती सहसा कालच्या राजकारणाचे प्रतिबिंब दाखवते. सदस्य सहा वर्षांसाठी निवडले जातात, दर दोन वर्षांनी एक-तृतीयांश निवृत्त होतात आणि त्यांना निवडतात राज्यांचे आमदार. वाऱ्याची दिशा बदलली तरी हे सभागृह सावकाश वळते. घटनाकारांना हेच हवे होते. जुलै १९४७मध्ये संविधानसभेत एन. गोपालस्वामी अय्यंगार यांनी दुसऱ्या सभागृहाकडून फार मोठ्या अपेक्षा ठेवल्याच नव्हत्या: महत्त्वाच्या प्रश्नांवर भारदस्त चर्चा व्हावी, आणि क्षणिक आवेगातून आलेले कायदे तो आवेग ओसरेपर्यंत थोपवून धरता यावेत, एवढेच. डॉ. राधाकृष्णन यांनीही १९५२ साली सभागृहाचे पहिले अध्यक्ष म्हणून बोलताना, सरकार घडवू वा पाडू न शकणारे हे सभागृह निरर्थक आहे या समजाला उत्तर दिले होते. त्यांच्या मते विधेयकांची बारकाईने फेरतपासणी करणे हेच त्याचे काम.

तर, ५ सप्टेंबर. संघटना काँग्रेस, जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांच्या मतांनी विधेयक अडले. विरोधकांत राजेशाहीचे चाहते होते, इंदिराविरोधक होते, आणि करार मोडू नये असे मनापासून मानणारेही होते. कोणाचे मत कोणत्या कारणाने पडले, हे मतमोजणी सांगत नाही.

सरकारने काय करायला हवे होते? पुन्हा प्रयत्न करणे, तडजोड करणे, किंवा लोकांकडे कौल मागणे. सरकारने चौथाच मार्ग धरला. त्याच रात्री मंत्रिमंडळ बसले. राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हैदराबादला होते. तिथे त्यांच्यापुढे कागद ठेवण्यात आले आणि ६ सप्टेंबरला एका फटक्यात देशातल्या सर्व संस्थानिकांची मान्यता काढून घेतली गेली. आधार? तेच अनुच्छेद ३६६(२२). राष्ट्रपती ज्याला मान्यता देतील तो राजा. मग मान्यता काढली की राजा नाही. राजा नाही, तर तनखा कोणाला द्यायचा? तर्क चलाख होता. पण त्याचा अर्थ असा होत होता की, जे संसदेला आदल्या दिवशी जमले नाही ते सरकारने रविवारी एका सहीने उरकले.

ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे सर्वोच्च न्यायालयात गेले. महादजींच्या वंशातला हा पंचवीस वर्षांचा तरुण. युक्तिवादाला नानी पालखीवाला. ‘माधवराव शिंदे विरुद्ध भारत सरकार’ हा खटला सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्यासह अकरा न्यायमूर्तींपुढे चालला. निकाल आला १५ डिसेंबर १९७० रोजी, पटेलांच्या विसाव्या स्मृतिदिनी. नऊ विरुद्ध दोन अशा बहुमताने राष्ट्रपतींचा आदेश रद्द झाला. राजा म्हणून मान्यता देण्याचा अधिकार म्हणजे राजेपणाची संस्थाच एका आदेशाने पुसून टाकण्याचा अधिकार नव्हे, असा त्या निकालाचा मथितार्थ. संविधानात जोवर २९१ उभे आहे, तोवर सरकार त्याच्या पाठीमागून फिरून जाऊ शकत नाही.

पुढचा घटनाक्रम वेगवान आहे. बाराच दिवसांत, २७ डिसेंबरला, लोकसभा विसर्जित झाली. मार्च १९७१च्या निवडणुकीत इंदिरा गांधींना ३५२ जागा मिळाल्या. गंमत म्हणजे याच निवडणुकीत माधवराव शिंदेही गुणा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. मग नव्या लोकसभेने आणि राज्यसभेनेही, बांगलादेशच्या युद्धाच्या त्या डिसेंबरात, प्रचंड बहुमताने सव्विसावी घटनादुरुस्ती संमत केली आणि २८ डिसेंबर १९७१पासून तनखे कायमचे संपले.

म्हणजे राज्यसभेने शेवटी काय वाचवले? राजांचे तनखे तर पंधरा-सोळा महिन्यांत गेलेच. माझे मत असे की तनखे जायलाच हवे होते. १९३९ सालीच आपल्या प्रजेला कारभार सोपवणारे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्यासारखे राजे अपवाद होते, नियम नव्हे. पण ते गेले ते निवडणुकीच्या कौलानंतर, घटनेच्या दारातून, विशेष बहुमताने. ६ सप्टेंबरच्या खिडकीतून नव्हे. राज्यसभेचा नकार नसता तर ती खिडकी उघडली नसती, आणि न्यायालयाला ती बंद करण्याचा प्रसंगही आला नसता, हेही तितकेच खरे. इतिहासात श्रेयाची वाटणी अशी सोपी नसते.

आठच वर्षांनी भूमिका उलटल्या. १९७७ साली जनता पक्ष सत्तेवर आला, पण राज्यसभेत बहुमत काँग्रेसजनांचेच होते. आणीबाणीत संविधानाची जी मोडतोड झाली ती दुरुस्त करणारे पंचेचाळिसावे दुरुस्ती विधेयक कायदामंत्री शांतिभूषण यांनी आणले. ऑगस्ट १९७८मध्ये लोकसभेने ते संमत केले. राज्यसभेने मात्र ते सरसकट फेटाळले नाही. तिने कात्री चालवली. पाच कलमे गाळली. त्यांत एक होते ‘धर्मनिरपेक्ष’ आणि ‘समाजवादी’ या शब्दांच्या व्याख्या देणारे, आणि दुसरे होते संविधानाच्या काही मूलभूत बाबी बदलायच्या तर जनमत घेण्याची सक्ती करणारे. सरकारपुढे दोनच पर्याय उरले: उरलेले घ्या, किंवा सगळेच घालवा. डिसेंबरात लोकसभेने कात्री लागलेले विधेयक मुकाट्याने स्वीकारले. आणीबाणी पुकारण्याच्या अटी कडक करणारी आणि मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढणारी आजची चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती ती हीच. जनमताचे कलम गेले हे बरे झाले की वाईट, यावर घटनातज्ज्ञ अजून भांडू शकतात. मला विचाराल तर, आणीबाणीचा अनुभव ताजा असताना ती तरतूद इतक्या सहज जायला नको होती.

तिसरा प्रसंग थोडक्यात. १९८९ साली राजीव गांधींकडे लोकसभेत चारशेहून अधिक खासदार होते. पंचायत राज आणि नगरपालिकांना घटनात्मक दर्जा देणारी चौसष्टावी आणि पासष्टावी दुरुस्ती विधेयके लोकसभेतून सुखरूप बाहेर पडली आणि ऑक्टोबरात राज्यसभेत पडली. केंद्र राज्यांना ओलांडून थेट गावाशी नाते जोडू पाहते आहे, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप होता; निवडणूक तोंडावर होती, हे उघड गुपित. पण १९९१मध्ये हेच विषय पुन्हा आले तेव्हा विधेयके दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीपुढे गेली. पंचायतीचे विधेयक तपासणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते नाथूराम मिर्धा. १९९२च्या डिसेंबरात त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती संमत झाली. पंचायतींना कोणते अधिकार द्यायचे, हे बव्हंशी राज्यांच्या कायद्यांवर सोडले गेले. आज गावोगावी एक-तृतीयांश, आणि महाराष्ट्रात निम्म्या, जागांवर महिला निवडून येतात, त्या याच पायावर.

या तिन्ही कथा घटनादुरुस्तीच्या आहेत, हा योगायोग नव्हे. इतर बाबतींत सरकारला वाट काढता येते. २०१६ साली आधार विधेयक धनविधेयक म्हणून आणले गेले. राज्यसभेने त्यात पाच दुरुस्त्या सुचवल्या आणि लोकसभेने त्याच दिवशी त्या नाकारल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयात चार न्यायमूर्तींनी हा मार्ग मान्य केला, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी मात्र आपल्या भिन्नमतपत्रात तो घटनेशी केलेला छळ मानला.

आणि आपली विधान परिषद? ७८ सदस्यांचे हे सभागृह राज्यसभेपेक्षा कितीतरी दुबळे आहे. अनुच्छेद १९७नुसार ती साधे विधेयक पहिल्यांदा तीन महिने आणि दुसऱ्यांदा एक महिना रोखू शकते, बस्स. राज्यांत संयुक्त बैठकीचीही सोय नाही, कारण तिची गरजच ठेवलेली नाही. तिचा प्रभाव पडला तो अधिकारापेक्षा माणसांमुळे: रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे हे दीर्घकाळ याच परिषदेचे सभापती होते.

जाता जाता अभ्यासकांसाठी एक खूण. संविधानाच्या छापील प्रतीत ‘चोविसावी घटनादुरुस्ती’ शोधाल तर ती सापडेल ५ नोव्हेंबर १९७१ची, आणि तिचा तनख्यांशी काडीचाही संबंध नाही. ती संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराविषयी आहे. ‘चौसष्टावी’ शोधाल तर १९९०ची, पंजाबातली राष्ट्रपती राजवट वाढवणारी. पडलेल्या विधेयकाचा क्रमांक पुढच्याला मिळतो. त्यामुळे १४९ विरुद्ध ७५ हा आकडा पाहायचा असेल, तर संविधान नव्हे, राज्यसभेच्या कामकाजाचे सप्टेंबर १९७०चे वृत्तान्त उघडावे लागतात.